जपानी एन५: १८० पैकी ९२, आणि तरी नापास

वाटीचमचा | ३ सप्टेंबर, रात्री ११:२०

गौरी गेल्या, पाहुणे गेले, फराळाचे डबे घासून झाले. आठवडाभर पोटात ठेवलेलं आता इथे ओकते.

जुलैमध्ये जपानी भाषेची एन५ परीक्षा दिली होती. पाच पायऱ्यांतली सगळ्यात खालची. निकाल ऑगस्टच्या शेवटी लागला: १८० पैकी ९२. पास व्हायला ८० लागतात. मी आनंदाने नवऱ्याला हाक मारली आणि मग खालची ओळ वाचली. नापास.

भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२० पैकी ७५, तिथे किमान ३८ लागतात. श्रवण ६० पैकी १७, आणि तिथे किमान लागतात १९. दोन मार्कांनी गेले. वय ४३, धंदा हिशेबाचा, आणि एकूण बेरजेकडे बघता बघता एका रकान्यात गचकले. मुलगा म्हणाला, "आई, तू मला काय सांगतेस, सगळ्या विषयांकडे लक्ष दे." गप्प बसले.

सगळे म्हणतात कान कच्चे आहेत, ऐकायचा सराव कर. मला हे अर्धंच पटतंय. माझे शब्दच कच्चे होते. डोळ्यांना येत होते, कानाला येत नव्हते. ध्वनिफीत एकदाच वाजते. त्यात 'योऽका' आलं की मी मनात चार तारीख की आठ तारीख करत बसायचे, तोवर ती बया पुढच्या प्रश्नावर गेलेली असायची. (योक्का म्हणजे चार तारीख, योऽका म्हणजे आठ. लांब स्वर दाखवायला मी अवग्रह वापरतेय, चालवून घ्या.)

दुसरी एक गोष्ट जुलैनंतर लक्षात आली. मी सगळे शब्द इंग्रजी अर्थाच्या यादीवरून पाठ केले होते. त्यात 'काकेरु' हे क्रियापद. समोर इंग्रजीत आठ-दहा अर्थ, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. महिनाभर डोक्यात राहीना. एक दिवस कुकरची शिट्टी मोजताना उजेड पडला:

मेगाने ओ काकेरु: चष्मा लावणे
देन्वा ओ काकेरु: फोन लावणे
कागि ओ काकेरु: कुलूप लावणे

अहो, हे आपलं 'लावणे' आहे! सरळ सरळ! इतके दिवस मी पुण्याहून सासवडला मुंबईमार्गे जात होते.

७ डिसेंबरला पुन्हा बसतेय. ९५ दिवस आहेत. ज्यांनी ही परीक्षा दिलीय किंवा देताहेत त्यांनी सांगा, शब्द कसे बसवलेत? क्लासची जाहिरात नको. 'रोज जपानी कार्टून बघा' हेही नको, घरात ते चोवीस तास चालूच असतं आणि त्यातून मी फक्त ओरडायला शिकलेय.

---

पिंपळाचंपान | ४ सप्टेंबर, सकाळी ८:०५

सहानुभूती. पण एक तांत्रिक मुद्दा. ते १७ म्हणजे १७ उत्तरं बरोबर असं नसतं. मार्क प्रमाणित करून देतात, अवघड-सोप्या प्रश्नांचा हिशेब त्यात असतो. त्यामुळे 'दोन प्रश्न अजून आले असते तर' हा विचार सोडून द्या. उणे गुण नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा ठेवायचा नाही.

शब्दांचं म्हणाल तर मी अंकी नावाचं पाठांतराचं ॲप वापरलं. फोनवरची पत्ती उलटायची, आठवलं तर ती चार दिवसांनी परत येते, नाही आठवलं तर दहा मिनिटांनी. जपानीत 'अंकि' म्हणजेच पाठांतर. रोज १० नव्या पत्त्या ठेवल्या. पहिला आठवडा मजेत. तिसऱ्या आठवड्यात नव्या १० आणि जुन्या ८०-९०. मग गणपतीत चार दिवस गावी गेलो आणि परत आलो तर ३१२ पत्त्या तोंड वासून उभ्या. तो दिवस माझ्या जपानी शिक्षणातला सगळ्यात काळा दिवस. तेव्हा दिवाळीच्या आधी आठवडाभर नवीन पत्त्या बंद करा, हा अनुभवाचा सल्ला.

---

खडूस | ४ सप्टेंबर, सकाळी ९:४०

नक्की किती शब्द लागतात हे कुणी सांगेल का? प्रत्येक यादी वेगळा आकडा सांगते. ६६२, ७१८, ८००.

---

पेन्शनवाला | ४ सप्टेंबर, दुपारी १२:१५

खडूसराव, कारण अधिकृत यादीच नाही. ही परीक्षा १९८४ पासून चालू आहे. २०१० पर्यंत चार पातळ्या होत्या आणि सगळ्यात खालच्या चौथ्या पातळीसाठी साधारण ८०० शब्द व १०० कांजी (चिनी चित्राक्षरं) असा मापदंड छापलेला असे. २०१० मध्ये पाच पातळ्या केल्या आणि आयोजकांनी याद्या छापणं बंद केलं. आज जालावर फिरतात त्या सगळ्या त्या जुन्या चौथीच्या यादीची पोरंबाळं.

गंमत म्हणजे त्या यादीत 'याओया' असा शब्द आहे, भाजीवाला. तो लिहितात 'आठशे' आणि 'दुकान' अशा चिन्हांनी. आठशे म्हणजे पुष्कळ प्रकारची जिन्नस. मी आमच्या मंडईतल्या गाळेवाल्याला सांगितलं तर म्हणाला, काका, आठशे कुठले, मेथी संपलीय.

वाटीचमचाताई, मी सहासष्टाव्या वर्षी एन५ दिली. पास झालो, मार्क विचारू नका. तुमचं 'मुंबईमार्गे' एकदम मान्य. मी तर पहिल्या दिवसापासून मराठीतूनच शिकलो, कारण दुसरं काही जमणारं नव्हतं. त्यांची अक्षरमाला बघा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपली क, च, ट, त, प, य, र, ल, व हीच चाल आहे. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत, त्यांनी वर्णमालेचा क्रम तिकडे रुजवला. 'सा' आपल्या च-वर्गाच्या जागी आहे आणि 'हा' प-वर्गाच्या, कारण जुन्या काळी त्याचा उच्चार 'पा' होता. म्हणून तर 'हा'च्या पुढे 'मा' येतो. इंग्रजीवाल्यांना हा क्रम घोकावा लागतो. आपण शिशुवर्गात घोकून ठेवलाय.

वार पण तसेच. कायोऽबि म्हणजे अग्नीचा वार. मंगळाला जपानीत 'अग्नितारा' म्हणतात, आणि तो आपला मंगळवार. जलतारा बुध, काष्ठतारा गुरू, सुवर्णतारा शुक्र, मृत्तिकातारा शनी. क्रम तंतोतंत. कूकाइ नावाचा भिक्षू ८०६ साली चीनहून परतला तेव्हा भारतीय ज्योतिषावरचा एक ग्रंथ घेऊन गेला, त्यातून ही वारांची गणना तिकडे पोचली. मला आठवड्याचे सात वार पाठ करायला दहा मिनिटं लागली. तारखा पाठ करायला दोन महिने.

---

वाटीचमचा | ४ सप्टेंबर, रात्री १०:५०

काका, दंडवत. वारांचं माहीतच नव्हतं. मी 'मोकुयोऽबि' लक्षात ठेवायला 'मोकळा गुरुवार' करत होते.

तारखांबद्दल कुणीतरी बोला हो. पहिल्या दहा तारखांना एक नियम लागेल तर शपथ. त्सुइताचि, फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योऽका, कोकोनोका, तोऽका. मग अकरापासून सरळ. मग मध्येच चौदाला 'जुऽयोक्का', विसाला 'हात्सुका', चोवीसला परत 'योक्का'. आणि 'एक दिवस' म्हणायचं असेल तर त्सुइताचि नाही, इचिनिचि. हे कुणी केलं?

---

खडूस | ४ सप्टेंबर, रात्री ११:०२

ज्या भाषेत एकोणपन्नास आणि एकोणसाठ आहेत तिच्या माणसांनी दुसऱ्यांच्या आकड्यांना नावं ठेवू नयेत.

---

कृष्णाकाठ | ५ सप्टेंबर, दुपारी २:३०

😂 खडूस सर, एकोणसत्तर राहिलं.

मी कराडची. नर्सिंग झालंय, जपानमध्ये केअरगिव्हर म्हणून जायचं आहे. तिथे एन४ च्या तोडीचं जपानी लागतं, म्हणून एन५ माझी रंगीत तालीम. माझी पद्धत थोडी वेडी आहे, हसू नका. जपानी शब्द मराठीत ऐकू येतो तसा घ्यायचा आणि त्याची फालतू गोष्ट करायची.

कासा म्हणजे छत्री: पाऊस पडतोय, कसा जाशील? छत्री घे.
नाका म्हणजे आत: नाक्याच्या आत दुकान.
नेको म्हणजे मांजर: आजी म्हणते घरात मांजर नको.
एकि म्हणजे स्टेशन: गाडी एकच, स्टेशन एकच (आमच्याकडे खरंच).
उशि म्हणजे गाय: उशीवर गाय झोपलीय. हा परीक्षेत यायचा नाही बहुतेक, पण डोक्यातून जात नाही.

शरीराचे अवयव वॉर्डमध्ये पाठ केले. पेशंटच्या कपाळाला हात लावला की मनात आतामा, कानाजवळ थर्मामीटर नेला की मिमि, घसा बघितला की नोदो, पोट दाबलं की ओनाका. एका आजोबांना मी चुकून मोठ्याने 'ओनाका इताइ?' विचारलं. ते म्हणाले, "होय गं बाई, नाकात पण दुखतंय."

---

ओसाकावासी | ५ सप्टेंबर, रात्री ९:१५

वाचते आहे आणि एकटीच हसते आहे. नऊ वर्षं झाली इथे. दोन गोष्टी सांगते, एक धाग्याच्या बाजूने, एक विरुद्ध.

बाजूने आधी. मराठीतून या, हे शंभर टक्के. इंग्रजीतून शिकलेली माणसं 'तोमोदाचि ओ आइमासु' म्हणतात, कारण इंग्रजीत मित्र भेटायचा असतो तो सरळ कर्म म्हणून. जपानीत 'तोमोदाचि नि आइमासु'. मराठीत? मित्राला भेटते. 'नि' म्हणजे 'ला', विषय संपला. 'निहोंगो गा वाकारिमासु': मला जपानी कळतं. 'मिझु गा होशिइ': मला पाणी पाहिजे. 'आतामा गा इताइ': डोकं दुखतं. या सगळ्यांत इंग्रजीवाला 'मी' पकडून बसतो आणि 'गा' कुठून आला म्हणून रडतो. आपल्याला रडायचं कारण नाही, आपण 'मी भूक लागलो' असं कधी म्हणत नाही. शेवटी 'का' लावला की प्रश्न: किमासु का, येता का. 'ने' म्हणजे आपला 'ना'. 'ताबेते मिमासु' म्हणजे खाऊन बघते. आणि घरातून निघताना इथे 'इत्ते किमासु' म्हणतात, शब्दशः 'जाऊन येते'. नुसतं 'जाते' म्हणायचं नाही, अगदी आपल्या आजीसारखं. घरातला माणूस उत्तर देतो, 'इत्तेराश्शाइ'.

आता विरुद्ध. मराठी जिथे मदत करते तिथेच थोडं पुढे जाऊन पाडते. आपण बसमध्ये पण चढतो आणि डोंगरावर पण चढतो. जपानीत बसला 'नोरु', डोंगराला 'नोबोरु'. आपला 'परवा' मागचा पण आणि पुढचा पण. इथे गेलेला परवा 'ओतोतोइ', येणारा 'असात्ते', आणि शब्दांच्या पेपरात 'ओतोतोइ'च्या जागी 'दोन दिवसांपूर्वी' असा समानार्थ ओळखायला देणं हा ठरलेला प्रकार. थंडी हवेत असेल तर 'सामुइ', पाणी गार असेल तर 'त्सुमेताइ', हे मात्र आपल्याला सोपं: थंडी वाजते, पाणी गार लागतं.

आणि 'आनाता'. यादीत अर्थ 'तू, तुम्ही'. मी पहिले तीन महिने ऑफिसात साहेबांना आनाता, आनाता करत होते. ते काही बोलत नव्हते, फक्त कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. शेवटी एका बाईने बाजूला घेऊन सांगितलं की इथे समोरच्याला नावानेच, 'सान' लावून हाक मारतात, आणि आनाता हे बायको नवऱ्याला म्हणते. म्हणजे मी तीन महिने साहेबांना 'अहो' म्हणत होते.

---

पिंपळाचंपान | ५ सप्टेंबर, रात्री ९:२१

अहो!!! मेलो.

---

वाटीचमचा | ५ सप्टेंबर, रात्री १०:४०

'अहो' वाचून नवऱ्याला दाखवलं. तेव्हापासून तो आनातावर ओ देतोय.

ताई, कपड्यांचं मला असंच वाटलं होतं. इंग्रजीत सगळ्याला एकच क्रियापद. आपण सदरा घालतो, धोतर नेसतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो. जपानीतही कमरेच्या वर 'किरु', कमरेखाली 'हाकु', डोक्यावर 'काबुरु', डोळ्यांवर 'काकेरु'. तर मी 'हाकु' म्हणजे नेसणे असं वहीत लिहून टाकलं. बरोबर ना?

---

ओसाकावासी | ६ सप्टेंबर, सकाळी ७:३०

धोतरापुरतं ठीक. पण साडी नेसलात तर 'किरु', कारण ती अंगभर असते. किमोनोही 'किरु'. आणि बूट, मोजे 'हाकु', ते आपण नेसत नाही. मी हेच म्हणत होते. वहीत 'हाकु म्हणजे नेसणे' लिहू नका, 'कुत्सु ओ हाकु' (बूट), 'झुबोन ओ हाकु' (पँट) असं जोडीने लिहा. नामाला त्याचं क्रियापद बांधूनच घरी आणायचं. छत्री 'सासु', शॉवर 'आबिरु', पियानो 'हिकु', सिगारेट 'सुउ', औषध 'नोमु' (गोळी असली तरी प्यायचीच). पेपरात वाक्यातली रिकामी जागा नेमकी इथे असते.

---

पेडण्याचो | ६ सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

गोंयचो मनीस इतका वेळ गप वाचत होता. आता रहावत नाही.

तुमच्या त्या यादीत 'पान' आहे ना, ब्रेड? तो जपानी नव्हेच. पोर्तुगीज 'पाव'. आमचा पोदेर सकाळी सायकलवर घेऊन येतो तोच, आणि तुमच्या वड्याच्या आत असतो तोही तोच. 'ताबाको' पण पोर्तुगीज, तुमची तंबाखूही त्याच गलबतातून उतरली. शर्टाचं 'बोतान' पण तसंच. पोर्तुगीज लोक १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. कागोशिमाचा आंजिरो नावाचा एक माणूस गोव्यात येऊन शिकला, १५४८ साली इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्या वर्षी गोंयचो सायब फ्रान्सिस झेवियर त्याला बरोबर घेऊन कागोशिमाला उतरले. म्हणजे आंजिरो आमच्याकडे आला तेव्हा तो पोर्तुगीज शिकत होता, आणि आम्ही आता त्याची भाषा शिकतोय.

काताकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या लिपीत, लिहिलेल्या शब्दांना सगळे इंग्रजी समजतात आणि फसतात. 'झुबोन' फ्रेंच, 'कोप्पु' डच, 'आरुबाइतो' जर्मन. माझ्या बायकोने 'कोप्पु' इंग्रजी समजून चहाच्या कपाचं चित्र निवडलं. कोप्पु म्हणजे पाणी प्यायचा ग्लास. कप तो 'काप्पु'.

---

पेन्शनवाला | ६ सप्टेंबर, रात्री ८:००

पेडणेकर, देव बरें करूं. पाव खाऊन 'पान' पाठ झाला.

उच्चाराचं एक राहिलं. 'त्सु' म्हणताना लोक जीभ वेडीवाकडी करतात. मराठी माणसाला गरज नाही. 'चुलता', 'चुना' यातला 'चु' म्हणा, 'चुकीचं'मधला नव्हे... थांबा, तोही तोच. 'चिमणी'तला नव्हे, असं म्हणायचं होतं. आणि 'झु'साठी 'जुना'तला 'जु'. हिंदीवाल्या मित्रांना हे उच्चार मिळवावे लागतात, आपल्याला बाळपणीच फुकट मिळाले. 'फु' म्हणजे दात ओठाला न लावता, चहावर फुंकर घालतो तसा.

---

खडूस | ६ सप्टेंबर, रात्री ८:४५

सगळं छान चाललंय. वर्णमाला, कूकाइ, पाव. पण धागाकर्ती श्रवणात नापास झालीय. तिला १७ चे १९ करायचेत. कूकाइ ते करून देणार आहे का?

---

वाटीचमचा | ६ सप्टेंबर, रात्री ९:३०

कटू पण खरं.

---

ओसाकावासी | ७ सप्टेंबर, सकाळी १०:२०

मग ऐका. मी इथे आले त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घेतलं. काउंटरवरच्या मुलीने पटकन काहीतरी विचारलं, त्यातला 'फुकुरो' तेवढा कळला आणि शेवटी 'का'. आता मला प्राण्यापक्ष्यांची यादी तोंडपाठ होती. फुकुरोऽ म्हणजे घुबड. ही मला विचारतेय, घुबड हवंय का? मी घाबरून 'हाइ' म्हटलं. तिने दूध पिशवीत घातलं. 'फुकुरो' म्हणजे पिशवी.

दोन्ही शब्द माझ्या वहीत होते. एकमेकांपासून चार पानं लांब, आणि दोन्ही मी फक्त डोळ्यांनी पाठ केलेले. त्या दिवसापासून शब्द वहीत जोडीने लिहायला लागले: ओबासान मावशी, ओबाऽसान आजी. बिरु इमारत, बिऽरु बिअर. किते म्हणजे 'ये', कित्ते म्हणजे पोस्टाचं तिकीट. ब्योऽइन हॉस्पिटल, बियोऽइन ब्युटीपार्लर. आणि कुणाकडून तरी वाचून घ्यायचे, समोर न बघता. देवनागरीत 'ए' आणि 'ओ' मुळातच लांब, त्यामुळे आपण जपानी आखूड 'ओ' पण ताणतो आणि मग खरा लांब 'ओ' वेगळा कळत नाही. मराठी इथे मदत करत नाही. टिचकी वाजवून मोजा: ओ-बा-सा-न चार टिचक्या, ओ-बा-आ-सा-न पाच. 'कित्ते'ला तीन, त्यातल्या मधल्या टिचकीला तोंड बंद.

---

वाटीचमचा | १४ सप्टेंबर, रात्री ११:१०

आठवडाभराचा हिशेब.

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर हिरागानात, म्हणजे जपानीच्या साध्या अक्षरांत, चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. शिओ मीठ, सातोऽ साखर, कोमे तांदूळ, ओचा चहा. चार दिवसांनी कळलं की मला त्या दिसेनाशाच झाल्यात. डबा पोच्यावरून ओळखू येतो, चिठ्ठी कशाला वाचेन? उलट सासूबाई, ज्यांना साखरेचा डबा कुठला हे तीस वर्षं माहीत आहे, त्या चष्मा लावून विचारतात, "हे कोयत्यासारखं अक्षर काय गं?" ते 'शि' होतं. त्यांना आता सात अक्षरं येतात. मी चिठ्ठ्या काढून रोज वेगळ्या जागी लावायला लागले. 'शिओ' फ्रीजवर, 'मादो' (खिडकी) गॅसच्या ओट्यावर. चुकीच्या जागी चिठ्ठी दिसली की मेंदू चिडतो आणि वाचतो.

टिचक्या भयंकर उपयोगी. मुलगा पोळ्या होईपर्यंत ओट्याशी बसून शब्द वाचतो, मी टिचक्या वाजवून अर्थ सांगते. हात कणकेचे असल्यामुळे टिचकी वाजत नाही, लाटणं पोळपाटावर आपटते. खालच्या मजल्यावरचे काल विचारायला आले.

तारखांसाठी दूध, गॅस आणि इस्त्रीवाल्याचं खातं जपानीत लिहितेय. आणि घरात कुणी 'आज किती तारीख' विचारलं तर मी जपानीत उत्तर देते. त्यामुळे आता कुणी विचारत नाही.

---

कृष्णाकाठ | १५ सप्टेंबर, सकाळी ६:४०

ताई, लाटणं 😂 मी पण करून बघते. 'यात्ते मिमासु'. बरोबर आहे ना?

---

ओसाकावासी | १५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

अगदी बरोबर.

---

पिंपळाचंपान | २८ ऑक्टोबर, रात्री १०:००

धागा वर काढतोय. दिवाळीत नव्या पत्त्या बंद ठेवायचा सल्ला मीच दिला होता. मी ठेवल्या नाहीत. ४०७.

नवीन वाचकांसाठी परीक्षेचा आराखडा: शब्द २० मिनिटं, व्याकरण-वाचन ४०, श्रवण ३०. लिहायचं किंवा बोलायचं काही नाही, फक्त गोल काळे करायचे. शब्दांच्या भागात चार प्रकार: कांजीचा उच्चार ओळखा, उच्चारावरून लिखाण ओळखा, रिकामी जागा, आणि त्याच अर्थाचं वाक्य. पहिल्या दोन प्रकारांना प्रत्येकी पाच-सहा सेकंदांच्या वर देऊ नका, वेळ चौथ्याला लागतो. कांजीला घाबरू नका, शंभरेक आहेत आणि बऱ्याच चित्रासारख्या. माणूस झाडाला टेकला की 'यासुमि', सुट्टी.

---

वाटीचमचा | ६ डिसेंबर, रात्री ९:५०

उद्या पेपर.

एचबी पेन्सिली, खोडरबर, प्रवेशपत्र, ओळखपत्र, काट्याचं घड्याळ पिशवीत (फुकुरोत, घुबडात नाही). मोबाईल बंद करून ठेवायचा आहे, वाजला तर थेट लाल कार्ड आणि घरी. श्रवण सुरू झाल्यावर उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत, म्हणून मधल्या सुट्टीत चहाला बाहेर पडायचं नाही असं मुलाने बजावलंय.

जुन्या सराव प्रश्नपत्रिकांत श्रवणात आता चोवीसपैकी चुका आठ-नऊ होतात. जुलैत सोळा व्हायच्या. आकडे आणि तारखा ऐकून हात आपोआप चालतो. 'आगेमासु' आणि 'कुरेमासु'मध्ये मात्र कोण कुणाला देतंय याचा अजूनही गोंधळ होतो. देणाऱ्याने देत जावे, मला कळो न कळो.

सासूबाईंना हिरागाना पूर्ण येतं. सकाळी साडेसहाला निघेन. जाऊन येते.

---

ओसाकावासी | ६ डिसेंबर, रात्री १०:०५

इत्तेराश्शाइ.

---

खडूस | ६ डिसेंबर, रात्री १०:११

उद्या तारीख काय?

---

वाटीचमचा | ६ डिसेंबर, रात्री १०:१२

नानोका. झोपते आता.